पुण्याला परत यायचं का? आधी कागद सरळ करा

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, पत्नी ४४. न्यू जर्सीत १७ वर्षं आहोत. मी २०२१ मध्ये अमेरिकी नागरिक झालो, पत्नीकडे २०१९ पासून ग्रीन कार्ड आहे. मुलगा १६, मुलगी ११, दोघांचा जन्म इथलाच. सध्याचं राजकारण पाहून पोटात गोळा येतो. येत्या जूनमध्ये घर विकून पुण्याला यावं का? ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात ६.२ लाख डॉलर आहेत, घर विकून ४.५ लाख सुटतील, रोख ५० हजार. भारतात बाणेरचा फ्लॅट, म्युच्युअल फंडात ६२ लाख रुपये (पैकी ३५ लाख नफा), बँकेत २८ लाख. पैसे पाठवण्यावर कर लागणार म्हणून त्यातले १८ लाख मागे घाईने पाठवले. शिवाय २०२४ मध्ये हमी परताव्याची पॉलिसी घेतली आहे, वर्षाला १० लाखांचे दहा हप्ते, विसाव्या वर्षी सव्वादोन कोटी करमुक्त मिळतील म्हणे; दोन हप्ते भरलेत. हे सगळं आईवडिलांच्या पत्त्यावर आहे. अमेरिकेत त्याचं काही दाखवावं लागत नाही, असं एजंटने सांगितलंय. १५ टक्के परतावा धरला आणि महिना लाखभर खर्च धरला, तर नोकरी न करताही भागेल ना?

उत्तर : जूनचं नंतर बघू. पत्राच्या शेवटाकडे एजंटच्या तोंडचं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्या घराला आज सर्वांत मोठा धोका त्या वाक्यात आहे, वॉशिंग्टनमध्ये नाही.

अमेरिकेचा करदाता असलेल्या माणसाची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी दरवर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. तुमचे ९० लाख म्हणजे लाखभर डॉलर. नऊ-दहा लाख रुपयांची मर्यादा तुम्ही कधीच ओलांडलीय. त्याशिवाय प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ आणि प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१. यातलं काहीही तुम्ही भरलेलं दिसत नाही. बँकेच्या व्याजावर तिथे कर भरलाय का, हेही पत्रात नाही. बाणेरचा फ्लॅट तेवढा या फॉर्मांतून सुटतो.

आता आपले म्युच्युअल फंड. अमेरिकी कायद्याला परदेशी फंडाचं भारी वावडं आहे. कर दरवर्षी भरायचा पर्याय वेळेवर निवडला नसेल, तर विक्रीचा नफा जितकी वर्षं फंड धरला तितक्या वर्षांत वाटला जातो, मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्याला त्या वर्षीचा सर्वोच्च दर लागतो आणि वर व्याज. तुमच्या ३५ लाख नफ्यातला निम्म्याच्या आसपास भाग त्यात जाऊ शकतो. एसआयपी लावून देणाऱ्याने हे सांगितलं नाही, कारण त्याला ते माहीतच नव्हतं. कमिशन मात्र वेळेवर घेतलं असणार.

आणि हे लपलेलं आहे या भ्रमात राहू नका. भारत-अमेरिका फॅटका करार २०१५ पासून लागू आहे; इथल्या बँका आणि फंड कंपन्या अमेरिकी करदात्यांची माहिती कळवतात. तुमचं नाव गेलं नसेल तर बहुधा एक कारण असेल. केवायसीच्या कागदावर ‘भारताबाहेर करदाता आहात का’ या प्रश्नापुढे कुणीतरी ‘नाही’वर खूण केलीय आणि खाली सही तुमची आहे. तो कागद शोधून काढा आणि जपून ठेवा.

सुटायचा रस्ता आहे. चूक जाणूनबुजून केलेली नव्हती असं शपथेवर लिहून देता येत असेल, तर तीन वर्षांची सुधारित विवरणं, सहा वर्षांचे एफबार, राहिलेला कर, व्याज आणि न दाखवलेल्या रकमेवर ५ टक्के दंड. तुमच्या बाबतीत दंड साधारण साडेचार-पाच लाख रुपये. चूक मुद्दाम केली असं ठरलं तर दंड खात्यातल्या शिलकेच्या निम्म्यावर किंवा दीड लाखाहून जास्त डॉलरवर जातो, यांतलं जे जास्त असेल ते.

आता कुणीतरी सांगेल की भारतात येऊन वर्षभर राहा, मग हाच अर्ज बिनदंडाचा होतो. परदेशात राहणाऱ्यांसाठी तशी सोय आहे खरी. पण हे उत्तर वाचल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य तुमच्या हातून गेलं. पाच लाख वाचवायला दीड वर्ष गप्प बसाल आणि मधेच पत्र आलं, तर ती शपथ कुठल्या तोंडाने घेणार? अमेरिकी करवकील याच महिन्यात गाठा. मी नाही, तुमचा एजंट तर नाहीच. इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची रुपया खाती, करून घ्यायची आहेत. अनिवासी माणसाने निवासी खातं चालवणं फेमा या परकीय चलन कायद्यात बसत नाही.

पुण्याला आलात म्हणून यातून सुटका नाही. अमेरिकी नागरिक कोथरूडला राहिला तरी विवरण तिथेही भरतो. उद्या वैतागून नागरिकत्व सोडायचं म्हणालात, तर मागची पाच वर्षं कर नीट भरल्याचं लिहून द्यावं लागतं. ते देता आलं नाही, तर संपत्ती कितीही असो, देश सोडतानाच्या कराच्या जाळ्यात सापडता.

पॉलिसीचं थोडक्यात. १० लाखांचे १० हप्ते, विसाव्या वर्षी सव्वादोन कोटी, ‘दुपटीहून जास्त आणि करमुक्त’. हिशेब केला तर परतावा साडेपाच टक्क्यांच्याही आत. आणि करमुक्त कसलं? १ एप्रिल २०२३ नंतरच्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांवर गेला की भारतातच सूट नाही. तुमची २०२४ ची आहे. सरेंडर केलीत, म्हणजे आत्ताच मोडलीत, तर वीस लाखांतला मोठा भाग बुडू शकतो. तिसरा हप्ता भरू नका, पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच चालू ठेवा. पाचवा हिस्सा, म्हणजे ४५ लाखांच्या आसपास, शेवटी मिळायला हवा. आकडा कंपनीकडून लेखी घ्या.

भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मुलांना शाळेत काय ऐकावं लागतं ते मला पुण्यात बसून कळत नाही. पण भीतीने घेतलेला एक निर्णय समोर आहे. पैसे पाठवण्यावरचा कर आधी ५ टक्के म्हणत होते. कायद्यात आला १ टक्का, १ जानेवारी २०२६ पासून, तोही रोख किंवा मनीऑर्डरसारख्या मार्गाने पाठवलं तर. बँक खात्यातून पाठवणाऱ्याला तो लागतच नाही. तो चुकवायला तुम्ही १८ लाख नेमके चुकीच्या खात्यात आणून टाकलेत. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर २०२५ मध्ये लावलेली लाख डॉलर फी नव्या अर्जांची होती, नागरिकाला तिचा काय उपद्रव? आणि इथे तुम्ही ओसीआय, म्हणजे भारतीय मुळाचे परदेशी नागरिक, म्हणून याल. मत नाही, शेतजमीन घेता येत नाही.

दारं उघडी ठेवायची असतील तर वहिनींच्या ग्रीन कार्डाकडे बघा. वर्षभर बाहेर राहिलं तर ते धोक्यात येतं. री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत येण्याच्या परवानगीचा, अर्ज निघण्याआधी तिथूनच करावा लागतो. नागरिकत्वाच्या अर्जाची पाच वर्षं त्यांची भरलीत. मात्र भारतीय पासपोर्ट सोडायचा का, ते त्यांनी ठरवावं. पत्रात त्यांचं मत कुठेच नाही.

जूनमध्ये येऊ नका. मुलाची शाळा दोन वर्षांत संपेल. तुम्ही न्यू जर्सी सोडलंत, तर तिथल्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलांची फी त्याला मिळेलच असं नाही, आणि फरक वर्षाला पंधरा-वीस हजार डॉलरचा आहे.

पुरेल का? ४०१(के) साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर कर आणि शिवाय रकमेवर १० टक्के दंड, म्हणजे साडेपाच कोटी तेरा वर्षं कुलपात. हाती उरतात साडेचार कोटी आणि इथले ९० लाख. मुलाचं कॉलेज सव्वा-दीड कोटी, दंड-कर तीस लाख. राहिले पावणेचार कोटींच्या आसपास. मुलीची शाळा, विमा, वर्षाआड अमेरिकावारी धरून मी महिना अडीच लाख धरतो, वर्षाला तीस. परतावा महागाईइतका मिळाला तर बारा वर्षं. लागणार तेरा. नोकरी केलीत तर आरामात, नाही केलीत तर काठावर. १५ टक्के तुम्ही धरलेत. मी धरणार नाही. महिना लाखाचा आकडा कुठून आणलात, तेही पुढच्या पत्रात कळवा, आणि बाणेरमधल्या एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेचं फीपत्रक मागवून सोबत जोडा.