वाचकांचे प्रश्न: स्पर्सचे म्हातारे आणि तो न बोलणारा पोरगा

मागच्या अंकात एका उत्तरात २०१४ च्या सॅन अँटोनियो स्पर्सचा, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या टेक्सासच्या त्या चॅम्पियन टीमचा विषय निघाला होता आणि मी सहज लिहून गेलो की ती टीम म्हाताऱ्यांच्या, म्हणजे टिम डंकन, मनू जिनोबिली आणि टोनी पार्कर या जुन्या तिघांच्या जिवावर जिंकली नव्हती, कवाय लेनर्ड या गप्प पोराचाही त्यात मोठा वाटा होता. त्यावर एवढी पत्रं आलीत की यावेळी दुसरा विषयच नको म्हटलं.

म्हाताऱ्यांच्या जिवावर नाही तर मग कोणाच्या? डंकन, जिनोबिली, पार्कर काढून टाका, उरतं काय? त्या लेनर्डला उगाच डोक्यावर घेता तुम्ही. (एक वाचक, नागपूर)

भाऊ, रागावू नका. त्या तिघांना कमी लेखायचं नव्हतंच, पण ती फायनल एकदा परत बघा. मायामी हीट समोर, पहिल्या दोन मॅचेसमध्ये कवाय लेनर्डचे ९ आणि ९ पॉइंट्स, दुसऱ्या मॅचला तर सहा फाउल होऊन बाहेर. सिरीज १-१. मग मायामीत जाऊन तिसऱ्या मॅचला २९, चौथ्याला २० आणि वर १४ रिबाउंड (म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), आणि घरी परत येऊन पाचव्याला २२. हे सगळं करताना लेब्रॉन जेम्सला अडवायची मुख्य ड्युटी पण त्याच्याकडेच, म्हणजे एका बाजूला जगातल्या सगळ्यात भारी प्लेयरच्या अंगावर राहायचं आणि दुसऱ्या बाजूला स्कोअर पण करायचा. वय २२. फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेयरचा मान, त्यालाच मिळाला, आणि खुद्द डंकनला १९९९ मध्ये तो मिळाला तेव्हा तो २३ चा होता.

आणि तिघं नसते तर काय, हा तुमचा प्रश्न बरोबरच आहे, पण तो उलटा पण विचारता येतो ना? २०१३ ला तेच तिघं, तीच हीट, सहाव्या मॅचला जवळजवळ जिंकलेलेच, शेवटची ५.२ सेकंद उरली असताना हीटच्या रे ॲलनने कोपऱ्यातून तीन पॉइंट्सचा शॉट टाकला आणि सगळं गेलं. त्याच्या काही सेकंद आधी एक फ्री थ्रो लेनर्डकडूनच हुकला होता, तो फ्री थ्रो आत गेला असता तर ॲलनचे तीन पडूनही मॅच टाय झाली नसती. २१ वर्षांचा पोरगा हे घेऊन अख्खं वर्ष जगला आणि पुढच्या जूनमध्ये असा खेळला. म्हणून डोक्यावर घेतो.

पहिल्या मॅचला हॉलचा एसी बंद पडला, लेब्रॉनला क्रॅम्प आले, म्हणून जिंकले की हो ते. (एक वाचक, कोल्हापूर)

एसी बंद पडला हे खरं, लेब्रॉनला उचलून न्यावं लागलं हेही खरं. पण दुसरी मॅच त्याच हॉलमध्ये हीटने जिंकली, आणि मग मायामीत, त्यांच्याच घरात, १९ आणि २१ पॉइंट्सनी हरले. तिथला एसी चालू होता.

डंकन ३८, जिनोबिली ३७ ला टेकलेला, पार्कर ३२. एवढ्या वयात ४८ मिनिटांच्या मॅचेस, वर्षाला ८२, प्लस प्लेऑफ. शरीर कसं टिकलं? (एक वाचक, पुणे)

टिकवलं म्हणून टिकलं, आणि टिकवणारा माणूस त्यांचा कोच ग्रेग पॉपोविच. त्या २०१३-१४ सीझनला स्पर्सच्या एकाही प्लेयरची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही, सगळ्यात जास्त पार्करची, ती पण २९ च्या आसपास, आणि तरी टीमने लीगमधल्या सगळ्यात जास्त म्हणजे ६२ मॅचेस जिंकल्या. बाकीच्या टीमचे स्टार ३५-३८ मिनिटं रगडत होते तेव्हा इकडे पॅटी मिल्स, बेलिनेली, डिआओ, स्प्लिटर अशी जगभरातून गोळा केलेली मंडळी खेळ ओढत होती. पॉपोविचचं हे जुनंच. २०१२ मध्ये एका मॅचला डंकनला बसवला तर स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण चक्क 'म्हातारा' असं छापून आलं होतं, दुखापत नाही, आजारपण नाही, म्हातारा! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायामीतली मॅच, पूर्ण देशात टीव्हीवर दाखवणार होते, आणि याने डंकन, जिनोबिली, पार्कर आणि डॅनी ग्रीन चौघांना विमानात बसवून घरी पाठवून दिलं. लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. ज्यांनी स्टार बघायला तिकिटं काढली त्यांच्यावर अन्याय झाला हे मला मान्य आहे, पण टीमच्या बाजूने बघितलं तर तो दंड स्वस्तातच पडला.

आणि हे प्लेयरने पण ऐकायला लागतं. जिनोबिली अर्जेंटिनातला देव माणूस, २००४ चं ऑलिंपिक गोल्ड असलेला, आणि एनबीएमधलं बहुतेक करिअर बेंचवरून सुरुवात केली. २०१४ च्या उन्हाळ्यात त्याला वर्ल्ड कप खेळायचा होता, पायाच्या हाडाला फ्रॅक्चर होतं म्हणून स्पर्सने सरळ नाही म्हटलं. देशासाठी खेळायचं होतं त्याला, किती वाईट वाटलं असेल.

डंकनने कमी पैसे घेतले असं सगळे सांगतात. खरं किती आणि गोष्टी किती? (एक वाचक, बदलापूर)

बरंचसं खरं. तिकडे प्रत्येक टीमच्या पगाराला एक कॅप असते, म्हणजे एकाने जास्त घेतले की दुसऱ्याचे कमी होतात. डंकन २०११-१२ ला दोन कोटी डॉलरच्या वर घेत होता, पुढच्या कॉन्ट्रॅक्टला पहिल्या वर्षी एक कोटीच्या आत आला. उरलेल्यातून ती सगळी बेंच, म्हणजे बदली प्लेयर्सची फळी, उभी राहिली. २०१५ मध्ये परत जवळपास निम्म्यावर आला, कारण लामार्कस ऑल्ड्रिज या दुसऱ्या टीमच्या स्टारला आणायचं होतं.

पण या गोष्टीतलं एक पात्र सगळे विसरतात. २०१४ ला एमव्हीपी झाल्यावर लेनर्डला लगेच मोठं कॉन्ट्रॅक्ट देता आलं असतं, स्पर्सने दिलं नाही, थांब म्हणाले. कारण हिशोबाचं होतं: त्याची नवीन सही झाली नाही तोपर्यंत कॅपच्या वहीत त्याच्या नावावर साधारण ७२ लाख डॉलरच धरले जाणार, सही झाली की एक कोटी साठ लाखांच्या वर. मधल्या फरकात ऑल्ड्रिज बसवायचा. पोरगा थांबला, एक पूर्ण सीझन दुखापतीची रिस्क घेऊन खेळला, त्या वर्षी बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर पण झाला आणि मग जुलै २०१५ मध्ये सही केली. डंकनच्या त्यागाची गाणी गातात लोक, याचं कोणी बोलत नाही, आणि तो स्वतः तर कशाबद्दलच बोलत नाही.

आम्ही इथे टेक्सासमध्येच राहतो, मुलगा लेनर्डची जर्सी घालायचा, २०१८ ला कपाटात टाकली ती टाकलीच. का गेला हो तो? (एक वाचक, ऑस्टिन)

ताई, त्या कपाटात बऱ्याच जर्स्या पडल्या त्या वर्षी. मे २०१७, ओकलंड, गोल्डन स्टेट टीमविरुद्ध सेमीफायनलची पहिली मॅच, स्पर्स वीसहून जास्त पॉइंट्सनी पुढे, आणि लेनर्डने शॉट मारून खाली उतरताना पाय पडला तो त्यांच्या झाझा पाचुलियाच्या पायावर. घोटा गेला, लीड गेला, मॅच दोन पॉइंट्सनी हरले. पुढच्या सीझनला त्याची मांडी दुखत राहिली, टीमचे डॉक्टर एक म्हणतात, त्याचे स्वतःचे डॉक्टर दुसरं, आणि अख्ख्या वर्षात तो फक्त ९ मॅचेस खेळला. त्यात पार्कर, ज्याच्या मांडीचा स्नायूबंध २०१७ च्याच प्लेऑफमध्ये तुटला होता, तो पत्रकारांसमोर बोलून गेला की माझं दुखणं याच्यापेक्षा शंभर पट वाईट होतं. घरातल्या मोठ्या माणसाने चारचौघांत असं बोललं की काय होतं ते आपल्याला माहितीये.

जुलै २०१८ ला लेनर्ड टोरोंटोला, बदल्यात डिमार डिरोझन, याकोब पर्टल हे प्लेयर आणि एक पिक, म्हणजे नवीन प्लेयर निवडायचा हक्क. त्याच महिन्यात पार्कर शार्लटला गेला, ऑगस्टमध्ये जिनोबिली रिटायर. एका उन्हाळ्यात घर रिकामं. आणि वर्षभरात लेनर्ड टोरोंटोकडून चॅम्पियन, परत फायनल एमव्हीपी.

माझं मत विचाराल तर चूक दोघांची आहे पण स्पर्सची जरा जास्त. २०१४ पासून चार वर्षं सगळ्यांचा एकच प्रश्न, हे म्हातारे कधी थांबणार, आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्यांची कॉन्ट्रॅक्टं, मिनिटं, गुडघे अगदी तळहाताच्या फोडासारखे जपले. पोरगा गप्प होता म्हणून तो खूश आहे असं धरून चालले. गप्प तर डंकन पण असायचा, पण डंकनच्या गप्प बसण्याचा अर्थ पॉपोविचला एकोणीस वर्षांत कळत गेला होता, याच्याबाबतीत तेवढा वेळ कोणाकडे होता?

डंकनची शेवटची मॅच, निरोप वगैरे? सचिनसारखं भाषण झालं का? (एक वाचक, डोंबिवली)

काही नाही. जुलै २०१६ मध्ये क्लबने एक पत्रक काढलं, संपलं. त्याच एप्रिलमध्ये कोबी ब्रायंटने शेवटच्या मॅचला ६० पॉइंट्स टाकून निरोप घेतला होता, हा मात्र मागच्या दाराने गेला. नंतर एक सीझन स्पर्सचा असिस्टंट कोच म्हणून आला होता, तेवढंच.

सर मी नववीत आहे, नागपाड्यात प्रॅक्टिस करतो, उंची कमी आहे. या टीममधून कोणाचं बघून शिकू? (मुंबई)

लेनर्डचं नको बघू, तसे मोठे हात देवच देतो. डंकनचा बोर्डवर आपटून मारायचा शॉट बघ, बाजूने तिरक्यात उभं राहायचं, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर बॉल लागला पाहिजे, त्याला उंची लागत नाही, रोज मारत राहायचं फक्त. आणि २०१४ फायनलच्या तिसऱ्या मॅचचा फर्स्ट हाफ यूट्यूबवर शोधून पूर्ण बघ, स्पर्सने ७५ टक्क्यांहून जास्त शॉट्स पाडले त्यात, फायनलमधला रेकॉर्ड आहे तो. बघताना बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघू नको, बाकीचे चौघं कुठे सरकतायत ते बघ. बोरिस डिआओवर खास लक्ष ठेव, पोट सुटल्यासारखा दिसतो, पळत तर जवळजवळ नाहीच, आणि तरी त्या मॅचपासून पॉपोविचने त्याला सुरुवातीच्या पाचात घेतला. का घेतला ते तुझं तूच शोध आणि लिहून पाठव, छापतो.