इराकवर हल्ला नक्की कशासाठी झाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (एक वाचक, इस्लामपूर): ताई नमस्कार. परवा आमच्या कट्ट्यावर जोरदार वाद झाला. विषय २००३ चं इराक युद्ध. एक मित्र म्हणतो सरळसरळ तेलासाठी झालं, दुसरा म्हणतो धाकट्या बुशला वडलांचा सूड घ्यायचा होता, तिसऱ्याचं म्हणणं की सद्दामकडे महासंहारक शस्त्रं आहेत असं त्यांना खरंच वाटत होतं, गुप्तहेर चुकले एवढंच. पार भांडणापर्यंत गेलं. खरं कारण कुठलं ते तुम्हीच सांगून टाका.

उत्तर: तुमच्या तिघाही मित्रांकडे थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच भांडण मिटत नाहीये. असा निर्णय घेताना टेबलाभोवती दहा-बारा जण असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काहीतरी चाललेलं असतं. पॉल वुल्फोवित्झ, म्हणजे तेव्हाचे अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री, सद्दामला हटवा असं १९९८ पासून उघड मांडत होते. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर यांना काही झालं तरी अमेरिकेचा हात सोडायचा नव्हता. बुश स्वतः सप्टेंबर २००२ मध्ये एका भाषणात बोलून गेले की याच माणसाने माझ्या वडलांना मारायचा प्रयत्न केला होता, म्हणजे १९९३ चा कुवेतमधला तो कथित कट, तेव्हा तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. आणि युद्ध झाल्यावर मे २००३ मध्ये वुल्फोवित्झनीच एका मुलाखतीत सांगितलं की शस्त्रांचं कारण मुख्य म्हणून पुढे केलं, कारण सरकारी यंत्रणेत सगळ्यांचं एकमत होईल असं तेवढं एकच होतं.

आता तेल. इराक तेलावर तरंगत नसता तर अमेरिकेने त्याच्याकडे इतकं लक्ष दिलं असतं का? मला नाही वाटत. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडलं तेव्हा राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात होतं आणि अमेरिकन रणगाडे तेल मंत्रालयाच्या दाराशी पहाऱ्याला उभे होते, हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पण २००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचे लिलाव केले तेव्हा रुमैला हे सगळ्यात मोठं क्षेत्र ब्रिटिश बीपी आणि चीनच्या सरकारी कंपनीला मिळालं, तेही बॅरलमागे २ डॉलर फीवर, आणि पश्चिम कुर्नाचा दुसरा टप्पा रशियाच्या लुकऑइलकडे गेला. नुसती तेलाची लूट हाच बेत असता तर हिशेब असा लागला नसता. तेल कारणांमध्ये आहेच, पण "तेल" म्हटलं की चर्चा संपते आणि ज्यांनी ज्यांनी त्या युद्धाला होकार दिला ते सगळे अलगद सुटतात, हा माझा खरा आक्षेप आहे.

कारण होकार तेलावर कुणीच मागितला नव्हता. अमेरिकन काँग्रेसने ऑक्टोबर २००२ मध्ये अधिकार दिले (प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३) आणि ब्रिटनच्या संसदेने १८ मार्च २००३ ला ४१२ विरुद्ध १४९ ने, ते शस्त्रांच्या कारणावर. म्हणून कट्ट्यावर पुढचा वाद घालायचा तर असा घाला की जे कारण लोकांपुढे ठेवलं ते कुणी तपासलं आणि कधी.

आणि तपासणी चालू होती हो! युनोचे निरीक्षक नोव्हेंबर २००२ च्या शेवटी इराकमध्ये परत गेले होते, रोज कारखाने, गोदामं बघत होते. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोटभर कुपी हातात धरून अँथ्रॅक्स या घातक जंतूबद्दल बोलले, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. ७ मार्चला त्याच परिषदेत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तेव्हाचे प्रमुख एल बरादेई यांनी शांतपणे सांगितलं की इराकने आफ्रिकेतल्या नायजर देशाकडून युरेनियम मागवल्याची कागदपत्रं बनावट आहेत. त्यातल्या एका पत्रावर तारीख ऑक्टोबर २००० ची आणि सही नायजरच्या ज्या परराष्ट्रमंत्र्याची तो गृहस्थ त्याआधी कित्येक वर्षं पदावरून गेलेला! हे शोधायला काही मोठी हेरगिरी लागत नाही, जुन्या मंत्र्यांची यादी बघितली की झालं. ज्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अणुबॉम्बच्या कामासाठी आणल्या म्हणून एवढा गाजावाजा झाला त्या साध्या रॉकेटसाठी होत्या असं अणुऊर्जा संस्थेचे तज्ज्ञ सांगत होते. त्याच दिवशी युनोच्या शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले की उरलेलं काम संपवायला वर्षं लागणार नाहीत, आठवड्यांतही होणार नाही, काही महिने द्या. ते महिने दिलेच नाहीत. २० मार्चला हल्ला सुरू झाला.

म्हणून "गुप्तहेर चुकले एवढंच" हे तुमच्या तिसऱ्या मित्राचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. चूक कुणाचीही होते, पण चूक आहे असं सुरक्षा परिषदेत तोंडावर सांगितल्यानंतर तेरा दिवसांनी बॉम्ब टाकले तर त्याला चूक नाही म्हणत. शस्त्रांचे साठे सापडले नाहीत हे अमेरिकेच्याच शोधपथकाने ऑक्टोबर २००४ च्या अहवालात लिहून दिलं, तोवर हजारो माणसं मेली होती आणि पुढच्या वर्षांत इराकी नागरिकांचा आकडा एक लाखाच्या वर गेला.

लोकांचंही सांगते. १५ फेब्रुवारी २००३ ला लंडन, रोम, माद्रिद, जगभरात लाखो माणसं युद्ध नको म्हणून रस्त्यावर आली होती, हे मी फार मानते. पण वॉशिंग्टन पोस्टने सप्टेंबर २००३ मध्ये छापलेल्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असण्याची शक्यता वाटत होती. पुरावा नव्हता आणि त्याच महिन्यात बुशनीही तसं कबूल केलं, पण आधी वर्षभर भाषणांत सद्दाम आणि ११ सप्टेंबर ही दोन नावं इतकी शेजारी शेजारी घेतली गेली की लोकांनी आपापली जोडून घेतली. पेपरवाल्यांनी तेव्हाच हटकायला हवं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या बातम्या पुरेशा तपासल्या नव्हत्या असं वाचकांना सांगितलं ते मे २००४ मध्ये.

प्रश्न (एक वाचक, सातारा जिल्हा): आमच्या घरातले एक पूर्वज पहिल्या महायुद्धात "बसऱ्याला" गेले ते परत आलेच नाहीत, एवढंच आजी सांगायची. ते युद्धही तेलासाठीच होतं का? आणि त्यांचं नाव कुठे सापडेल?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून खूप वेळ तोच डोक्यात होता. तिथे तेल होतंच, २००३ पेक्षा जास्त उघडपणे. ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला होता आणि तिची रिफायनरी आबादानला, बसऱ्याच्या खाली नदीकाठी. मुंबई बंदरातून पहिली ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ ला निघाली, तो मुलूख ज्याच्या ताब्यात होता त्या तुर्कस्तानशी युद्ध जाहीर झालं ५ नोव्हेंबरला, म्हणजे बोटी आधी सुटल्या आणि कारण मागून आलं. त्या ब्रिगेडमध्ये ११७ मराठा ही पलटण होती. अर्थात तेलाइतकंच आखातातल्या शेखांपुढे इंग्रजांचा दरारा राखणं हेही डोक्यात होतं. बसरा नोव्हेंबरातच हाती आलं, तेलाची राखण तिथेच झाली होती, पण यश डोक्यात गेलं आणि बगदाद खुणावायला लागलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या अलीकडे कुत गावात अडकली, डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले, ते मांस आपल्यातले कित्येक शिपाई धर्मामुळे खाईनात आणि उपाशी राहिले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३ हजार कैदी, वाळवंटातून चालवत नेले, त्यात आणि पुढच्या कैदेत हजारो गेले. त्यात तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या त्या पोरांना हे कशासाठी ते कुणी सांगितलं होतं? या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला, ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये बगदाद घेतल्यावर ब्रिटिश सेनापती जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलोय. २००३ ला बगदादच्या लोकांना जवळपास हेच पुन्हा ऐकावं लागलं.

नावाबद्दल. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांच्या वर मृतांची नोंद आहे, पण भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा लिहिला. याचा मला मनापासून राग येतो. नावं कागदोपत्री मात्र आहेत, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाइटवर आडनाव, पलटण, गाव घालून शोधा, इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हेने करून बघा, त्या काळचे कारकून कानाला येईल तसं लिहायचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारून ठेवा.

प्रश्न (एक वाचक, पुणे): २००३ मध्ये आपलंही सैन्य इराकला जाणार होतं म्हणतात, खरं आहे का?

उत्तर: हो, विषय अगदी टोकापर्यंत आला होता. अमेरिकेला उत्तर इराकसाठी आपली एक पूर्ण डिव्हिजन हवी होती. सरकारमधल्या आणि बाहेरच्या काही वजनदार लोकांचं मत जावं असंच होतं, अमेरिकेशी संबंध सुधारतील, इराकच्या उभारणीत कंत्राटं मिळतील वगैरे. विरोधी पक्ष ठाम विरोधात होते, निवृत्त सेनाधिकारी पेपरांत लिहीत होते, वाजपेयींनी सगळ्यांना बोलू दिलं, सोनिया गांधींशीही बोलले. लोकसभेने एप्रिलमध्येच युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला होता. शेवटी १४ जुलै २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नाही म्हणून सांगितलं, युनोचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू असं म्हणून. ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेने १५११ क्रमांकाचा ठराव करून बहुराष्ट्रीय फौजेला मान्यता दिली, तरीही आपण गेलो नाही. मला हा त्या सरकारच्या सगळ्यात चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो, आणि जास्त मोल याचं की इथे "कशासाठी" हा प्रश्न जवान बोटीत चढायच्या आधी विचारला गेला. ब्रिटनमध्ये याच युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल आला २०१६ मध्ये, शांततेचे मार्ग संपलेले नव्हते असं सांगायला, हल्ल्यानंतर तेरा वर्षांनी.