तक्त्यात एक रकाना कमी आहे

प्रिय,

परदेशात एम.एस.साठी निवडलेल्या दोन विद्यापीठांच्या तुलनेचा तुझा मेल वाचला. रँकिंग, फी, शिष्यवृत्ती, हवामानसुद्धा! तक्ता झकास केलायस. फक्त शाखा आणि वर्ष हा रकाना राहिला. आधी तो भर, मग बाकीचं.

एजंट म्हणतो, विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे. असेल की! पण इंजिनिअरिंगमध्ये ॲक्रेडिटेशन, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, मिळतं ते एकेका कोर्सला, आणि तेही ठरावीक मुदतीसाठी. १९८९ मध्ये सहा देशांनी एकमेकांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण तोडीचं मानायचा वॉशिंग्टन करार केला, २०१४ मध्ये भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला, आणि तेव्हापासून आपली प्रत्येक बी.ई. जगभर चालते असं बिनदिक्कत सांगितलं जातं. चालत नाही. त्यात बसतात ते एनबीएने, म्हणजे असे कोर्स तपासणाऱ्या आपल्या राष्ट्रीय मंडळाने, टियर-१ या गटात मान्य केलेले कोर्स, तेही त्या मुदतीत पास झालेल्यांचे. एकाच कॉलेजातली मेकॅनिकल आत आणि सिव्हिल बाहेर असू शकते. म्हणून शाखा. म्हणून वर्ष.

'बाहेरची एम.एस. झाली की बी.ई. कोण विचारतं?' असं तू लिहिलंयस. स्वतःच्या सहीने इंजिनिअरिंगचं काम करायचा परवाना देणारी मंडळं विचारतात, आणि बहुतेक वेळा आधी तीच तपासतात. सॉफ्टवेअरमधल्या तुझ्या मित्रांचं परवान्याशिवाय निभावतं. तू सिव्हिलची आहेस. शिवाय करार फक्त शिक्षण तोडीचं आहे एवढंच म्हणतो. परवाना अमेरिकेत राज्याचं मंडळ देतं, कॅनडात प्रांताची संस्था. अनुभव आणि परीक्षा वेगळ्याच. जर्मनी तर या करारात नाहीच. तिथे अनाबिनच्या, म्हणजे परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांच्या जर्मन नोंदवहीच्या, यादीत विद्यापीठापुढे एच प्लस (मान्य असल्याची खूण) दिसलं म्हणून नाचू नकोस, पदवीची नोंद निराळी असते. परत तेच, शाखा!

मी परदेशात पुलांची गणितं केली, आराखडे काढले आणि खाली सही दुसऱ्याची पाहिली. अंगावर जबाबदारी सगळी, नाव कुठेच नाही. ते अजून सलतं. मी पोरांना घाबरवतो असं लोक म्हणतात. म्हणू देत. कर्ज काढून गेल्यावर घाबरण्यापेक्षा आत्ता घाबरलेलं बरं, आणि यावर मी वाद घालणार नाही.

आणखी एक. तुझ्या बॅचचा सिलॅबस, विषयवार तासांसकट, प्रत्येक पानावर विद्यापीठाचा शिक्का मारून आत्ताच घे. अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत मिळवताना खेटे घालावे लागतात, आणि परदेशात पदवीचं मूल्यांकन करणारे नेमकी तीच मागतात. मार्कशीटवर भागत नाही गं.

दोन्ही विद्यापीठांना आज मेल टाक: हा कोर्स कोणी ॲक्रेडिट केलाय, कुठल्या वर्षापर्यंत? जिथे जायचं तिथल्या परवाना मंडळाला तुझ्या बी.ई.बद्दल वेगळा मेल. उत्तरं आली की मला पुढे पाठव. गुळमुळीत आली तरी पाठव. नवीन रँकिंग मात्र पाठवू नकोस.

तुझा,
काका