चेंडू ज्याच्याकडे फिरकत नाही, त्याची किंमत

वाचकांचे प्रश्न : क्रीडा

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टविषयी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीविषयी, आम्ही छापलेल्या टिपणानंतर मराठवाड्यातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक प्रश्न कॉर्नरबॅक या एकाच जागेबद्दल होते. कॉर्नरबॅक म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून विरोधी रिसीव्हरच्या, म्हणजे फेकलेला चेंडू झेलायला धावणाऱ्या गड्याच्या, हाती चेंडू पडू न देणारा रक्षक. यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी कबड्डीतला डावा-उजवा कोपरा पाहिला आहे, त्यांचे लक्ष मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एकट्या माणसाकडे आपोआप जाते. निवडक चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा भाचा डॅलसजवळ नोकरीला असून तेथील संघाचा कट्टर चाहता आहे. ज्या कॉर्नरबॅकने मोसमात सर्वाधिक इंटरसेप्शन घेतली, म्हणजे विरोधी संघाची फेक मधल्या मध्ये झेलली, तोच सर्वोत्तम, असे त्याचे म्हणणे आहे. ड्राफ्टच्या आधी संघ आपल्याजवळच्या कॉर्नरबॅकची पारख याच आकड्यावरून करतात का?
— एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : भाच्याच्या डोळ्यांसमोर बहुधा ट्रेव्हॉन डिग्ज असावा. डॅलसच्या या खेळाडूने 2021 च्या मोसमात 11 इंटरसेप्शन घेतली आणि साऱ्या लीगमधून निवडलेल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघातही त्याची गणना झाली. परंतु त्याच मोसमात त्याच्या पहाऱ्यातील रिसीव्हरांनी झेल घेऊन मिळवलेले यार्डही, म्हणजे पुढे सरकण्याचे अंतरही, भरपूर होते. तो झडप घालणारा खेळाडू होता. झडप साधली की चेंडू त्याच्या हाती येई आणि हुकली की रिसीव्हर त्याच्या पाठीमागे मोकळा सुटे. हा सौदा संघाला परवडतो की नाही, हे मागे उभ्या असलेल्या सेफ्टीवर, म्हणजे शेवटच्या रक्षकावर, अवलंबून असते आणि इंटरसेप्शनच्या आकड्यात ते कोठेच उमटत नाही.

याच्या उलट उदाहरण नामदी असोमुगा याचे आहे. ओकलंडकडून खेळताना 2006 मध्ये त्याने 8 इंटरसेप्शन घेतली. पुढील तीन मोसमांत दरवर्षी एकच आणि 2010 मध्ये एकही नाही. केवळ तक्ता पाहणारा म्हणेल की हा खेळाडू संपला. प्रत्यक्षात 2008 आणि 2010 या दोन्ही वर्षी तो देशातील सर्वोत्तम संघात निवडला गेला, कारण विरोधी क्वार्टरबॅकांनी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्यांनी, त्याच्या बाजूला चेंडू फेकणेच जवळजवळ सोडून दिले होते. जिकडे फेकच होत नाही, तिकडे झेलणार काय?

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. बऱ्याच वर्षांपूर्वी औसा तालुक्यातील शालेय कबड्डी सामन्यांत निवड समितीवर मला बसवले होते. काळ्या मातीचे मैदान पाणी मारून नुकतेच दाबलेले होते आणि माझ्या मांडीवर वही होती. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे मी पकडींच्या रेघा ओढत होतो. एका संघाच्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलापुढे सामना संपेपर्यंत एकच रेघ पडली आणि आम्ही त्याला वगळले. घरी परतताना एसटीत माझ्या लक्षात आले की विरोधी चढाईपटू पूर्ण सामनाभर उजव्या बाजूलाच घुटमळत होते. डावीकडे ते एकदा गेले होते, त्या मुलाने घोटा धरला होता, आणि पुन्हा तिकडे कोणी पाऊल टाकले नव्हते. वहीतली ती एक रेघ म्हणजे त्याची सगळी कामगिरी होती आणि मला ती वाचता आली नाही.

म्हणून जाणते निरीक्षक आधी विचारतात की हा खेळाडू किती वेळा रिसीव्हरच्या मागे धावला आणि त्यांपैकी किती वेळा चेंडू त्याच्या दिशेने आला. आला तेव्हा किती झेल झाले, किती यार्ड गेले आणि किती वेळा दंड झाला, हे प्रश्न त्यानंतरचे. दूरचित्रवाणीवर हे दिसत नाही, कारण तेथला कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो. कॉर्नरबॅक आपल्याला दिसतो तो चेंडू त्याच्यावर आल्यावरच, म्हणजे बहुधा त्याच्या पराभवाच्या क्षणी. संघ मात्र उंचावरून घेतलेले, बावीसच्या बावीस खेळाडू दाखवणारे चित्रण लावून बसतात. त्यात त्यांची नजर पायांवर आणि कमरेवर असते. रिसीव्हर सुटताच हा किती पावले मागे सरकतो, वळण्याची वेळ आल्यावर कंबर एका झटक्यात फिरते की मध्ये एक पाऊल वाया जाते, आणि चेंडू हवेत असताना मान वळवून तो शोधतो की घाबरून रिसीव्हरच्या अंगावर हात टाकतो, हे एकेका खेळीत पाच-सहा वेळा मागेपुढे करून पाहिले जाते.

आणखी एक गोष्ट भाच्याला जरूर सांगावी. आपली पुढची फळी विरोधी क्वार्टरबॅकवर अडीच सेकंदांत धडकत असेल तर मध्यम प्रतीचा कॉर्नरही चांगला दिसतो. तीच फळी ढिली असेल तर उत्तम कॉर्नरलाही चार सेकंद रिसीव्हरला चिकटून राहावे लागते आणि ते कोणालाच फार काळ जमत नाही.

प्रश्न : हा ड्राफ्ट म्हणजे आपल्या प्रो कबड्डीच्या लिलावासारखाच असतो का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. लिलावात ज्याच्या थैलीत पैसा त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, क्रम असतो. 32 संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात आणि मागील मोसमात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला प्रत्येक फेरीत पहिली पाळी मिळते. हा क्रम संघ आपापसांत देवघेव करून बदलतात. निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी थांबवून ठेवण्याचा हक्क संघाकडे असतो.

प्रश्न : मी शाळेत कबड्डी शिकवतो. आमच्याकडे मुलाचा वेग, उंची, झेप मोजून निवड करावी असा आग्रह अलीकडे वाढला आहे. कॉर्नरबॅकच्या निवडीत मोजमापांना किती महत्त्व असते?
— एक क्रीडा शिक्षक, परभणी

उत्तर : मोजमापे कसून होतात. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिस येथे निवडक खेळाडूंना बोलावून त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, उडी आणि 40 यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची, धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. पण 2022 मधील तीन कॉर्नरबॅकांची निवड पाहिली तर आकड्यांचा धाक कमी होतो. त्या वर्षी केलन बार्न्सने हे अंतर 4.23 सेकंदांत, तारिक वूलनने 4.26 सेकंदांत आणि अहमद गार्डनरने 4.41 सेकंदांत कापले. निवडीचा क्रम नेमका उलटा लागला. गार्डनर चौथा, वूलन पाचव्या फेरीत 153 वा आणि बार्न्स सातव्या फेरीत 242 वा. गार्डनरने कॉलेजच्या सामन्यांत आपल्या पहाऱ्यातून एकही टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणे, होऊ दिले नव्हते, हे कोणत्याही घड्याळात मावणारे नव्हते.

मात्र म्हणून मोजमापे फेकून द्या, असेही मी म्हणणार नाही. वूलन सहा फूट चार इंच उंच होता आणि कॉलेजात आधी रिसीव्हर म्हणून खेळत असे. सिएटलने ती उंची आणि तो वेग हेरला आणि पहिल्याच मोसमात त्याने 6 इंटरसेप्शन घेऊन त्या वर्षीच्या सर्वाधिक संख्येची बरोबरी केली. याच सिएटलने 2011 मध्ये रिचर्ड शर्मनला पाचव्या फेरीत 154 व्या क्रमांकावर उचलले होते. तोही सव्वासहा फूट उंच आणि तोही आधी रिसीव्हर. हा योगायोग नाही. सिएटलची त्या काळची पद्धत मैदानाच्या मागच्या भागाचे तीन पट्टे करून दोन्ही कडांचे पट्टे कॉर्नरांच्या हवाली करण्याची होती आणि त्या कामाला लांब हातांचा, सुरुवातीलाच रिसीव्हरला ढकलून अडवणारा माणूस लागतो. न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिसचे काम वेगळे होते. त्याला समोरच्या सर्वोत्तम रिसीव्हरबरोबर, मागे कोणाचीही मदत नसताना, सामनाभर एकट्याने फिरावे लागे. पहिल्या प्रकारातील माणूस दुसऱ्या कामाला लावला तर दोष माणसाचा नसून लावणाऱ्याचा असतो. वर उल्लेख केलेला असोमुगा 2011 मध्ये पाच वर्षांच्या 6 कोटी डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियाला गेला, तेथे त्याची भूमिका बदलली आणि दोनच मोसमांनंतर संघाने त्याला मोकळे केले.

आपण कबड्डी शिकवता, म्हणून एक तुलना करतो. कडेची रेषा हा आपल्या खेळात बचाव करणाऱ्यांचा आठवा गडी असतो; कोपऱ्यावरचा मुलगा चढाईपटूला तिच्याकडे रेटतो. फुटबॉलमधील कडेचा कॉर्नरही रेषेचा असाच उपयोग करतो. परंतु तिसरा कॉर्नर, जो आतल्या बाजूला खेळतो, त्याच्या मदतीला रेषा नसते आणि समोरचा रिसीव्हर डावीकडेही सुटू शकतो व उजवीकडेही. तेथे लांब पल्ल्याच्या वेगापेक्षा दोन पावलांत दिशा बदलण्याची चपळाई आणि धावून येणाऱ्या जड गड्याला खाली पाडण्याची हिंमत लागते. ‘हा मुलगा कडेला कमी पडतो, आत खेळवू’ असे सहज म्हणणारे प्रशिक्षक पाहिले की मला आपल्याकडचे, कोपऱ्यावर न जमणाऱ्याला मध्यरक्षक करून टाकणारे शिक्षक आठवतात. (आपण त्यांपैकी नसाल, अशी खात्री बाळगतो.)

नियमांतील फरकही मोजमापांत येत नाही. व्यावसायिक खेळात सुरुवातीच्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवता येत नाही. झेल घेताना अडथळा केला तर गुन्हा जेथे घडला तेथेच चेंडू ठेवला जातो, मग ते अंतर चाळीस यार्ड का असेना. कॉलेजात हाच दंड 15 यार्डांच्या पुढे जात नाही. ज्या मुलाचे हात कॉलेजात सैल सुटलेले आहेत, त्याची किंमत संघाला पहिल्या वर्षी दंडाच्या रूपाने मोजावी लागते.

प्रश्न : संघाकडे आधीच दोन चांगले कॉर्नरबॅक असताना तो पुन्हा तीच जागा का भरतो? आणि कोणीच न निवडलेला खेळाडू पुढे नाव काढतो, हे कसे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर करारांच्या तारखांत आहे. ड्राफ्टपूर्वीची पारख ही यंदाच्या संघाची जितकी, तितकीच दोन वर्षांनंतरच्या संघाची असते. कोणाचा करार कधी संपतो आणि त्या वेळी तो मागेल तेवढे पैसे द्यायचे आहेत काय, हे आधी मांडले जाते. कॅन्सस सिटीने हा हिशोब फार थंड डोक्याने केला. 2022 मध्ये चार्व्हेरियस वॉर्ड दुसऱ्या संघात गेला, तेव्हा त्यांनी त्याच वर्षी पहिल्या फेरीत ट्रेंट मॅकडफी, चौथ्या फेरीत जोशुआ विल्यम्स आणि सातव्या फेरीत जेलन वॉटसन असे तीन कॉर्नर घेतले आणि त्याच मोसमाच्या अखेरीस, फेब्रुवारी 2023 मध्ये, ते विजेते ठरले. 2024 मध्ये लजेरियस स्नीडला त्यांनी टेनेसीकडे देऊन टाकले, तेव्हा त्याच्या जागेवर उभी राहणारी माणसे घरात तयार होती. डेट्रॉइटनेही 2024 च्या ड्राफ्टमध्ये, जो त्यांच्याच शहरात भरला होता, पहिल्या दोन्ही निवडी कॉर्नरांवर खर्च केल्या. त्याआधी महिनाभरच त्यांनी कार्लटन डेव्हिस हा अनुभवी कॉर्नर टँपाकडून मिळवला होता, पण त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. वर्षभराने तो खरोखरच निघून गेला.

दुसरे कारण दुखापतीचे. आजकाल बहुतेक संघ निम्म्याहून अधिक खेळींत तीन कॉर्नर मैदानात ठेवतात, त्यामुळे ‘दोन आहेत’ म्हणजे एक कमीच आहे, आणि कोणाचा गुडघा गेला तर दोन कमी. डॅलसच्या डिग्जचा गुडघा सप्टेंबर 2023 मध्ये सरावातच गेला. त्याच्या जागी कडेला आलेल्या डॅरॉन ब्लँडने, जो पाचव्या फेरीत निवडलेला होता, त्या मोसमात 9 इंटरसेप्शन घेतली आणि त्यांतील 5 थेट टचडाउनपर्यंत नेऊन नवा विक्रम केला. अंबाजोगाईच्या बाईंच्या भाच्याला ही गोष्ट पाठ असेलच.

न निवडलेल्या खेळाडूविषयी विचारता, तर माल्कम बटलरचे उदाहरण पुरेसे आहे. वेस्ट अलाबामा या लहानशा विद्यापीठाच्या या मुलाला 2014 मध्ये सातही फेऱ्यांत कोणी घेतले नाही; न्यू इंग्लंडने त्याला आधी केवळ चाचणीसाठी बोलावले. 1 फेब्रुवारी 2015 च्या अंतिम सामन्यात सिएटलचा संघ विजयापासून एका यार्डावर होता, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता, आणि न्यू इंग्लंडने तिसरा कॉर्नर म्हणून बटलरला मैदानात धाडले. एकामागे एक उभे राहिलेले दोन रिसीव्हर पाहताच त्याने ती मांडणी ओळखली, कारण त्याच आठवड्याच्या सरावात नेमक्या याच खेळीवर तो एक पाऊल उशिरा पोहोचला होता आणि त्याच्यासमोर टचडाउन झाले होते. या वेळी तो मागच्या रिसीव्हरची वाट पाहत थांबला नाही. चेंडू सुटतानाच पुढे झेपावला आणि रिसीव्हरच्या आधी त्या जागी पोहोचून त्याने तो झेलला.