शाळेनंतर बॉलला हात नाही, टीम नाही. वाळूवरच्या मिश्र व्हॉलीबॉल लीगमध्ये एकटीने नाव देऊ का?

द्या. बिनधास्त द्या.

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या टीममध्ये होतात, त्याला पंधरा वर्षं झाली, वाळूवर कधीच खेळलेला नाहीत, ओळखीचं कुणी नाही, आणि स्त्री-पुरुष एकत्र म्हटल्यावर समोरून पुरुष स्मॅश मारतील याची धास्ती वाटते. मी गेले सहा सीझन अशाच हौशी लीगमध्ये खेळतेय आणि पहिल्या सीझनला मीही एकटीच गेले होते. ज्याची काळजी करायला नको ते आधी सांगते, मग ज्याची करायला हवी ते.

टीम नसणं ही अडचणच नाही. बहुतेक लीगमध्ये एकट्याने नाव देता येतं आणि ज्या टीमला माणसं कमी पडतात तिच्यात आयोजक तुम्हाला घालतात. मिश्र लीगमध्ये कमी पडतात त्या बहुतेक वेळा बायकाच. ठरलेल्या संख्येइतक्या बायका नसतील तर टीमला कमी माणसांत खेळावं लागतं, नाहीतर सामना सोडून द्यावा लागतो. त्यामुळे तुम्हाला कुणी घेईल का, हा विचार डोक्यातून काढून टाका. नियमित येणारी, येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवणारी खेळाडू कुठल्याही टीमला हवीच असते.

स्मॅशची धास्तीही जरा बाजूला ठेवा. जोरदार स्मॅश मारायला आधी चांगला पास लागतो (पलीकडून आलेला बॉल हातांवर घेऊन वर देणं), त्यावर चांगला सेट लागतो (तोच बॉल स्मॅशसाठी उचलून देणं), आणि वाळूवर, वाऱ्यात, नवशिक्यांच्या पातळीवर या दोन्ही गोष्टी सलग जमणं अवघड असतं. तुमच्याकडे येतील ते बहुतेक उंच, सावकाश येणारे बॉल, किंवा नेटच्या अगदी मागे टाकलेले. शिवाय वाळूवरचा बॉल मऊ असतो. वजन तेच, २६० ते २८० ग्रॅम, पण आत हवेचा दाब कमी: हॉलमधल्या बॉलमध्ये ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, वाळूवरच्यात ०.१७५ ते ०.२२५. शाळेत पहिल्या दिवशी मनगटं लाल व्हायची, तशी इथे होत नाहीत.

आता नाव देण्याआधी काय विचारायचं ते.

किती जणांची टीम, हे पहिलं. अधिकृत बीच व्हॉलीबॉल दोघांचं असतं आणि मैदान १६ बाय ८ मीटरचं, म्हणजे हॉलमधल्या १८ बाय ९ पेक्षा लहान. हौशी मिश्र लीग मात्र जास्त करून चौघांची, दोन बायका दोन पुरुष, किंवा सहा जणांची असते. सहा जण असले की पळावं कमी लागतं हे खरं, पण त्या लहान मैदानात सहा माणसं म्हणजे गर्दी होते, आणि नवीन माणूस अख्खी संध्याकाळ कोपऱ्यात उभा राहून घरी जातो. मला विचाराल तर चौघांच्या टीममध्ये जा. दमाल, पण प्रत्येक दोन-तीन रॅलींमागे बॉल तुमच्याकडे येईलच, आणि शिकणं त्यातूनच होतं.

दुसरं, पातळी. लीगमध्ये बहुधा दोन-तीन पातळ्या असतात. सगळ्यात खालची घ्या. शाळेच्या टीममध्ये होतो म्हणून मधली घेण्याचा मोह होईल, पण तिथे समोरची टीम पाच मिनिटांत ओळखते की हिला वाळूची सवय नाही, आणि मग प्रत्येक सर्व्हिस तुमच्याच अंगावर येते. खालच्या पातळीत एक सीझन खेळून वर जाणं सोपं असतं. वरून खाली यायला मात्र कुणी तयार होत नाही, लोक सरळ खेळणंच सोडून देतात. असे दोघे-तिघे मी पाहिलेत आणि त्यांचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरं, नेटची उंची. पुरुषांचं नेट २.४३ मीटर, बायकांचं २.२४. मिश्र सामन्यात यातलं कुठलं लावायचं हे लीग ठरवते. काही ठिकाणी पुरुषांचंच असतं. काही ठिकाणी बायकांचं लावतात आणि पुरुषांना पुढून स्मॅश मारायला मनाई करतात, नेटपासून ठरलेल्या अंतरावरच्या रेषेमागून उडी मारली तरच चालते. पुरुषांच्या स्मॅशची भीती असेल तर हा दुसरा प्रकार तुमच्यासाठी उत्तम, आणि त्यात स्मॅश मारायची संधी बायकांना जास्त मिळते.

चौथं जे आहे त्यावर मला जास्त बोलायचंय. अनेक मिश्र लीगमध्ये असा नियम असतो की एका बाजूला बॉलला एकापेक्षा जास्त स्पर्श झाले तर त्यातला किमान एक बाईचा हवा. नियम चांगला आहे. तो नसता तर कित्येक टीममध्ये बायका फक्त संख्येसाठी उभ्या राहिल्या असत्या. पण नियमापुरता एक स्पर्श मिळाला म्हणजे तुम्ही खेळलात असं होत नाही, आणि हे मी स्वतः भोगलंय.

माझ्या पहिल्या टीममध्ये एक जण उंच होता, खेळायचाही छान. सर्व्हिस माझ्याकडे यायची, मी गुडघे वाकवून हात जोडून तयार असायचे, आणि शेवटच्या क्षणी वाळूवर त्याची सावली माझ्या पायांपर्यंत यायची. बॉल तो घ्यायचा. पॉइंट मिळायचा, सगळे टाळ्या द्यायचे, मीही द्यायचे. दुसऱ्या सामन्यानंतर मी मोजलं: सामन्याच्या एका अख्ख्या सेटमध्ये माझ्या सर्व्हिस सोडून माझे बॉलला चार स्पर्श. तिसऱ्या सामन्यात दोन पॉइंटच्या मधे मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे आलेला बॉल मी घेणार. चुकला तर चुकू दे." तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." पुढच्या तीन सर्व्हिस माझ्यावरच आल्या. पहिली हाताच्या कडेला लागून बाहेर. दुसरी सरळ नेटमध्ये. तिसरी दोन्ही हातांवर बरोबर बसली आणि मैदानाच्या मधोमध उंच गेली, इतकी सावकाश की त्याला बॉलखाली यायला सवड मिळाली आणि त्याने सेट केला. तो पॉइंट आम्ही जिंकलो की हरलो ते आता आठवत नाही. हातावर बसलेला बॉल आठवतो. त्यानंतर मधे बॉल आला की तो स्वतःहून ओरडायचा, "तुझा!" वाईट माणूस नव्हताच तो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिल्याच दिवशी बोला. आणि खेळतानाही बोला. बॉल घेणार असाल तर "माझा" असं मोठ्याने, बॉल नेट ओलांडायच्या आत. नसेल घ्यायचा तर "तुझा". वाळूवर दोन माणसांच्या मधे पडलेले बॉल जितके पॉइंट घालवतात तितके कुणाचे स्मॅशही घालवत नसतील. स्मॅश न येणारी पण सतत बोलणारी खेळाडू मला माझ्या टीममध्ये केव्हाही चालेल.

वाळूचं म्हणाल तर पहिली दहा मिनिटं पाय आपले नाहीत असं वाटतं. जोर लावला की वाळू खाली सरकते, उडी बोटभर कमी जाते आणि तुम्ही बॉलखाली लवकर पोचून थांबून राहता. स्मॅशसाठी शाळेत जेव्हा पळायला सुरुवात करायचात त्यापेक्षा उशिरा करा, बॉल सेटरच्या हातातून सुटून वर जाऊ दे, मग निघा. एरवी लहान पावलं, गुडघे वाकलेले.

पासही वेगळा. हॉलमध्ये आपण नेटजवळ ठरलेल्या जागी नेमका, सपाट पास द्यायला शिकलो. इथे तो उंच द्यायचा, मैदानाच्या मध्याकडे, नेटपासून जरा मागे. सेट करणाऱ्याला वाळूतून पळत यायचं असतं, त्याला वेळ द्या. वारा जोरात असेल तर उंची थोडी कमी. वारा तोंडावर येतो ती बाजू चांगली मानतात, कारण जोरात मारलेला बॉल वारा आत पाडतो. वारा पाठीवर असेल तर तोच बॉल लांब बाहेर जातो, सर्व्हिसचंही तसंच. म्हणूनच २१ पॉइंटच्या सेटमध्ये दर ७ पॉइंटला बाजू बदलतात, आणि १५ च्या निर्णायक सेटमध्ये दर ५ ला.

शाळेतले काही नियम विसरावे लागतील. ब्लॉकला, म्हणजे नेटजवळ हात वर करून अडवताना, लागलेला बॉल हा इथे तीनपैकी पहिला स्पर्श धरतात, पुढे दोनच उरतात. उघड्या बोटांनी बॉल हळूच पलीकडे टाकता येत नाही, बोटं दुमडून पेरांनी ढकलावा लागतो. सर्व्हिस बोटांनी वरून घेऊ नका, जवळजवळ नेहमी डबल (बॉलला दोनदा हात लागल्याची चूक) देतात; हात जोडून खालूनच घ्या. अंगावर जोरात आलेल्या बॉलला मात्र सूट असते, तोंडासमोर आला तर दोन्ही हात एकत्र धरून अडवा. नेटखाली मधली रेषा नसते, पाय पलीकडे गेला आणि कुणाला अडथळा झाला नाही तर चूक नाही. सहा जणांच्या काही लीग मात्र हॉलचेच नियम लावतात, म्हणून एकदा विचारून घ्या.

हौशी लीगमध्ये पंच बहुधा नसतो. आपला हात नेटला लागला तर आपणच सांगायचं आणि बॉल समोर द्यायचा. ब्लॉक करताना बोटाला निसटता लागला तरी सांगायचं, कुणी पाहिलं नसलं तरी. रेषेची दोरी हलली म्हणून बॉल आत होत नाही, बॉलने ढकललेल्या वाळूनेही दोरी हलते. अशा वेळी बॉलची खूण बघा, आणि एकमत होत नसेल तर तो पॉइंट पुन्हा खेळा. वाद घालणारी टीम सगळ्यांच्या लक्षात राहते.

शरीराकडे मात्र खरंच लक्ष द्या. पंधरा वर्षांनी थेट वाळूवर उड्या मारल्या तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोलायला लागतात, आणि ती शीर दुखावली तर सीझन गेला. लीगच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज थोडं अनवाणी चाला, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा. अंगठ्या काढून ठेवा, नेटमध्ये अडकतात. नखं कापा. खेळण्याआधी आपल्या जागेतली वाळू पायाने चाळून बघा, खडा-शंख लागला तर बाजूला करा, आणि वाळू कुठे पातळ आहे तेही कळतं. अधिकृत स्पर्धांत ती किमान ४० सेंटिमीटर खोल लागते, हौशी मैदानांवर तितकी असेलच असं नाही, तिथे सूर मारू नका. दुपारची वाळू तळपायाला पोळते, त्यासाठी वाळूत घालायचे खास मोजे मिळतात. डोळ्यात वाळू गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

सरावाला टीम लागत नाही. भिंतीवर बॉल मारून खालून पास देत राहा, रोज पन्नास. आणि सर्व्हिस. दहापैकी आठ आत पडायला हव्यात, मग ती खालून केलेली का असेना. खालच्या पातळीत निम्मे पॉइंट चुकलेल्या सर्व्हिसवरच जातात असं मला दर सीझनला वाटतं. खालून सर्व्हिस करायला अजिबात लाजू नका, उन्हात उंच गेलेली खालची सर्व्हिस घेताना भल्याभल्यांचे डोळे दिपतात.

आयोजकांना आजच मेसेज टाका, हवं तर हाच चिकटवा: "मला एकटीने नाव द्यायचं आहे. शाळेत हॉलमध्ये खेळले आहे, वाळूवर नवीन आहे. सगळ्यात खालची पातळी आणि शक्यतो चौघांची टीम हवी. नेटची उंची किती असते आणि मिश्र टीमसाठी कोणते नियम आहेत, ते कळवाल का?" उत्तर काय आलं ते इथे खाली लिहा, त्यात काही कळलं नाही तर मी सांगेन.