|२क्ष − १| = क्ष − ५ ची दोन उत्तरं येतात, मग उत्तरसूचीत 'उकल नाही' का?

आधी एक सांगतो, तुमची आकडेमोड कुठेही चुकलेली नाही. तुम्ही लिहिलंय की परत परत करून बघितलं तरी क्ष = −४ आणि क्ष = २ हेच येतंय, ते तसंच येणार. फक्त ही दोन्ही उत्तरं या समीकरणाची नाहीत, दुसऱ्याच एका समीकरणाची आहेत.

ताळा करून बघा. क्ष = २ ठेवलं की डावीकडे |३| म्हणजे ३, आणि उजवीकडे २ − ५ = −३. क्ष = −४ ठेवलं तर डावीकडे ९, उजवीकडे −९. दोन्ही वेळा आकडा तोच, चिन्ह उलटं. आता उजवी बाजू फिरवून |२क्ष − १| = ५ − क्ष असं लिहा आणि हेच दोन आकडे घाला, दोन्ही चपखल बसतात!

असं का होतं तर, आपण दोन केस करतो ना, २क्ष − १ = क्ष − ५ आणि २क्ष − १ = −(क्ष − ५), त्या दोन ओळी लिहिल्या की खरं तर आपण |२क्ष − १| = |क्ष − ५| सोडवत असतो, म्हणजे उजव्या बाजूलाही नकळत मॉड (केवलमूल्याचं | | हे चिन्ह) लागलेला असतो आणि तिचं चिन्ह काय होतं ही माहिती तिथेच गळून जाते. काहीजण मॉड घालवायला सरळ दोन्ही बाजूंचा वर्ग करतात, त्यातही हेच, (क्ष + ४)(३क्ष − ६) = ० येतं आणि परत तेच −४ आणि २.

केवलमूल्य म्हणजे अंतर, आणि अंतर ऋण नसतं. म्हणून उजवीकडे क्ष असला की सोडवायच्या आधीच वहीत वर लिहून टाकायचं: क्ष − ५ ≥ ०, म्हणजे क्ष ≥ ५. मग −४ आणि २ दोन्ही आपोआप बाद होतात. शाळेत पहिली गणितं |२क्ष − १| = ७ अशी असतात, तिथे ७ धनच आहे त्यामुळे ४ आणि −३ ताळा न करताही बरोबर निघतात, आणि मग 'दोन केस करा, सोडवा, संपलं' ही सवय लागते. मला ती सवय फार घातक वाटते, कारण पुढे असमानता आल्या की मुलं इथेच अडकतात.

अजून एक, मॉड एकटा पाडल्याशिवाय केस करायच्या नाहीत. ३|क्ष + २| − ४ = ११ असेल तर आधी |क्ष + २| = ५ करा, मग ३ आणि −७. आणि |क्ष| = −क्ष बघून घाबरू नका, क्ष ऋण असेल तर −क्ष धनच असतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की |क्ष − ३| + |क्ष + १| = १० ला चार केस कराव्या लागतील का. गरज नाही, संख्यारेषा काढा. ३ पासूनचं अंतर अधिक −१ पासूनचं अंतर मिळून १० हवंय. ३ आणि −१ मध्ये ४ चं अंतर आहे, त्या दोघांच्या मधे कुठेही उभे राहिलात तरी बेरीज ४ च, बाहेर एक पाऊल सरकलं की ती २ ने वाढते, आपल्याला ६ ने वाढवायचीय म्हणजे ३ पावलं बाहेर, तर उजवीकडे ६ आणि डावीकडे −४. उजवीकडे १० ऐवजी ४ असता तर −१ ते ३ मधली प्रत्येक संख्या उत्तर झाली असती, आणि ३ असता तर एकही नाही.