शाळेत बसलेली विज्ञानाची भीती मोठेपणी जाते का?

जाते, पण खूप वर्षं लागतात. आठवीत लिटमसचं, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणाऱ्या कागदाचं, उत्तर चुकलं म्हणून सरांनी माझी वही वर्गाबाहेर पावसात फेकली, शाई पानभर ओघळलेली अजून डोळ्यांसमोर आहे, आणि मग सायन्सकडे मी वळलेच नाही, लेकीने काही विचारलं तरी बाबांना विचार म्हणायचे. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिच्या फ्रॉकवर हळद सांडली, साबण लावला तर डाग लालभडक, लिंबू पिळलं तर परत पिवळा! साबण आम्लारी, लिंबू आम्ल, हळदीतलं कुर्क्युमिन हे पिवळं द्रव्य रंग बदलतं, म्हणजे तेच लिटमसचं काम. हे मी तिला न अडखळता सांगितलं, खरंच रडू आलं. गेल्या रविवारी दोघी गोव्यातल्या मिरामारच्या सायन्स सेंटरला जाऊन आलो.